मेल खणखणीत, कॉलवर दातखीळ

वाचकाचं पत्र:

मॅडम, सप्रेम नमस्कार. मी २४ वर्षांचा आहे. कागल तालुक्यात गावाकडं मराठी माध्यमात शिकलो, पुढं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. तीन वर्षं झाली, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. परदेशी कस्टमरचे रिपोर्ट आणि मेल मीच लिहितो. साहेब म्हणतात, तुझ्या मेलला हात लावावा लागत नाही. पण दर बुधवारी जर्मनीच्या कस्टमरबरोबर व्हिडिओ कॉल असतो आणि तिथं माझी दातखीळ बसते. मागच्या बुधवारी त्यानं विचारलं, त्या सात कास्टिंगचं काय झालं? मी ‘येस सर’ म्हणालो आणि गप्प. साहेबांनी सांभाळून घेतलं. उलट माझा मामेभाऊ दहावीनंतर शिकला नाही, कोल्हापुरात चप्पल लाइनीत दुकानात बसतो, आणि टुरिस्टांशी फाडफाड इंग्रजी बोलतो. पण बाहेरून ऑर्डरचा मेल आला की मला फोन करतो, ‘भावा, एवढं लिहून दे.’ परवा जेवताना आई म्हणाली, ‘मग तुम्हा दोघांत खरं इंग्रजी येतंय कुणाला?’ मला उत्तर देता आलं नाही. एका स्पोकन क्लासचे सर म्हणतात, लिहिणं बंद कर, नुसतं बोल, लिखाण मागनं आपोआप सुधारतं. फी साडेसात हजार आहे. जाऊ का? आणि कृपया मला अहोजाहो करू नका.
– शिरोलीचा एक वाचक

उत्तर:

बरं, अरे-तुरेच करते. आणि आईंचा प्रश्न आधी घेते, कारण तुझ्या प्रश्नापेक्षा तो नेमका आहे.

इंग्रजी तुम्हा दोघांनाही येतं, आणि दोघांचंही अर्धं राहिलंय. रविवारी घरात मटण शिजतं तेव्हा आधी काय निघतं? अळणी, म्हणजे मटण शिजलेलं साधं पाणी. त्याच अळणीतनं एका पातेल्यात तांबडा होतो, दुसऱ्यात पांढरा. अळणीच पाणचट निघालं तर दोन्ही रस्से फसले. पण अळणी फक्कड झालं म्हणून तांबड्याच्या पातेल्यात आपोआप पांढरा तयार होत नाही. त्याला खोबऱ्याचं दूध काढावं लागतं, खसखस-काजूचं वाटण वाटावं लागतं, आणि फुटू नये म्हणून मंद आचेवर जवळ उभं राहावं लागतं. तुला माहीत असलेले शब्द, व्याकरण, वाचलेलं, ऐकलेलं हे सगळं अळणी. तू त्याचा एक रस्सा करायला शिकलास, मामेभाऊ दुसरा. त्या क्लासच्या सरांना वाटतंय, तांबडा ढवळत राहिलं की शेजारी पांढरा होईल.

आता तुझं बघू. मेल लिहिताना तू काय करतोस ते आठव. समजा वाक्य असं आहे: ‘वुई हॅव ऑब्झर्व्हड ब्लो होल्स नियर द बॉस इन सेव्हन कास्टिंग्ज.’ (बाकीच्या वाचकांसाठी: कास्टिंग म्हणजे ओतीव भाग, ब्लो होल म्हणजे त्यात गॅसनं राहिलेली पोकळी, आणि बॉस म्हणजे साहेब नव्हे, त्या भागावरचा उंचवटा.) तू आधी ‘वुई ऑब्झर्व्हड’ लिहिलंस. मग थांबलास. जुना मेल उघडलास, तिथं ‘हॅव’ दिसलं, ते घातलंस. ‘निअर टू द बॉस’ की ‘निअर द बॉस’, हे गुगलला विचारलंस. मधे चहा आला. पुन्हा वाचलंस आणि पाठवलंस. अकरा शब्दांना सात-आठ मिनिटं गेली आणि कुणाला कळलंही नाही. कस्टमरला दिसलं ते स्वच्छ वाक्य.

बुधवारी तोच मजकूर तुला चार सेकंदांत द्यायचा असतो. माणूस बोलतो तेव्हा डोक्यात काय काय चालतं, हे विलेम लेव्हेल्ट नावाच्या डच भाषामानसशास्त्रज्ञानं १९८९ साली फार छान उलगडून दाखवलं होतं. आधी काय सांगायचं ते ठरतं, मग त्यासाठी शब्द शोधून ते रचले जातात, मग ते तोंडातून निघतात. तिन्ही कामं एकाच वेळी चालू असतात. पहिला तुकडा ओठांवर असतो तेव्हा दुसरा आत घडत असतो. मातृभाषेत यातलं मधलं काम, म्हणजे शब्द शोधणं आणि रचणं, न कळत होतं. तू आईशी बोलताना ‘इथं क्रियापद कुठलं लावू’ म्हणून थांबत नाहीस. इंग्रजीत मात्र तेच काम तुला जाणूनबुजून, एकेक स्क्रू पिळल्यासारखं करावं लागतं. इंग्रजी बोलणारे साधारण मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतात. त्या वेगात स्क्रू पिळत बसलं की लाइन बंद पडते. तुझी दातखीळ ती हीच. तुझ्याजवळ शब्द नाहीत असं नाही, ते वेळेत हाताला लागत नाहीत.

माझीच गोष्ट सांगते. शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम. ए. झाले, शाळेत नोकरी लागली. एकदा अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारापाशी एका परदेशी बाईनं विचारलं, बूट कुठं ठेवू? कळलं मला लगेच. पण मी आत ‘द फुटवेअर शुड बी डिपॉझिटेड...’ असं वाक्य जुळवत होते. ते ‘डिपॉझिटेड’ला पोचेपर्यंत शेजारची फुलंवाली मावशी म्हणाली, ‘हियर शूज हियर, टू रुपीज!’ आणि बाई बूट काढून मोकळी. मी वर्गात टेन्स शिकवत होते आणि धंदा मावशी करत होती.

त्यात माझी चूक काय होती, ते पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तुझीही तीच आहे. मी बोलायला गेले होते लिहायचं वाक्य. तू कॉलवर मेल वाचून दाखवायला जातोस. अरे, मराठीत तरी आपण असं करतो का? ग्रामपंचायतीच्या अर्जात तू लिहितोस, ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास विनंती करण्यात येते की.’ आणि तिथल्याच क्लार्कला कट्ट्यावर गाठलास की, ‘काय पावणं, तेवढा दाखला द्या की.’ काम एकच, तोंडाची भाषा वेगळी, कागदाची वेगळी. बोलताना माणूस पाच-सात शब्दांच्या तुकड्यांनी पुढं सरकतो, मधे अडखळतो, परत मागं येतो, अर्धं वाक्य सोडून देतो. कुठल्याही भाषेत. आपल्या मोठमोठ्या वक्त्यांचं भाषण जसंच्या तसं टाइप करून बघ, व्याकरणाला पास होणार नाही. इंग्रज काही वेगळे नाहीत. आणि तुझा जर्मन तर इंग्रजसुद्धा नाही! त्यानंही ही भाषा शाळेतच शिकलीय. आपल्याला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या ‘व’च्या दोन उच्चारांत गोंधळायला होतं तसंच जर्मनांनाही होतं. त्याला तुझ्याकडून अलंकारिक वाक्य नकोय. त्याला सात कास्टिंग का गेले ते हवंय.

तेव्हा बुधवारी असं म्हण: ‘सेव्हन पीसेस. ब्लो होल्स. नियर द बॉस.’ जरा थांब. ‘सँड हॅड टू मच मॉइश्चर. सो, गॅस. वुई चेंज्ड इट मंडे.’ याला इंग्रजी येणं म्हणतात. कॉलवर.

अजून एक गोष्ट आहे, ती तुझ्या पत्रात नाही पण मला दिसतेय. तू शब्द डोळ्यांनी शिकलास. आपली देवनागरी बरीचशी इमानदार, लिहिलं तसं वाचलं. इंग्रजीची अक्षरं २६ आणि ध्वनी ४४च्या आसपास, त्यामुळं तिथं अक्षराचा भरवसा नाही. रिपोर्टमध्ये तू रोज ‘रूट कॉज’ डिटरमाईन करतोस. हो ना, ‘डिटरमाईन’च म्हणतोस? तुझा जर्मन म्हणतो ‘डिटर्मिन’, शेवट ‘मिन’. कॉलवर तो शब्द आला की तुला वाटतं हा नवाच कुठला शब्द. तो तुझाच शब्द असतो, तुझ्याच हातचा, फक्त कानाला त्याची ओळख नाही. असे पंधरा-वीस शब्द तुझ्या रिपोर्टमध्ये नक्की असतील. मोबाइलमध्ये शब्दकोश उघड, स्पीकरच्या खुणेवर बोट ठेव आणि एकेक ऐकून घे. एका संध्याकाळचं काम आहे.

यात दोष निम्मा शाळेचा आहे, आणि शाळा म्हणजे मीच. आपल्याकडं मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असायचं, २००० सालापासून पहिलीपासून आलं. तुझी पिढी पहिलीपासूनचीच. म्हणजे तू दहा वर्षं इंग्रजी शिकलास. पण दहावीला ८० मार्क लेखी आणि २० तोंडी. लेखीची तयारी वर्षभर. तोंडीला पोरगं टेबलापाशी यायचं, पाठ केलेली चार वाक्यं घडाघडा म्हणायचं, आणि आम्ही १८ द्यायचो. पुढचा ये. मीही दिलेत, शेकड्यानं दिलेत. त्या १८ मार्कांचं बिल आता तू बुधवारी भरतोयस, त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं.

शिवाय आपल्याकडं कुणी गावात इंग्रजीत तोंड उघडलं की पारावरनं आवाज येतोच, ‘लई शाणा झालास व्हय रं?’ लिहिताना पारावरचं कुणी बघत नाही. म्हणून हुशार आणि लाजरी पोरं कागदाकडं वळतात. मामेभावाला ते परवडलंच नाही, गिऱ्हाईक समोर उभं होतं.

आता मामेभाऊ. त्याचं इंग्रजी मी न ऐकता सांगते: ‘मॅडम, प्युअर लेदर, यू वेअर, नो रेन, ऑइल पुट, फाइव्ह इयर नो प्रॉब्लेम.’ चप्पल हातात, वाकवून दाखवली, वेणीवर बोट ठेवलं, चपलेचा कान कुठला ते दाखवलं, घालून चालायला लावलं, कर्रकर्र आवाज आला, गिऱ्हाईक हसलं. निम्मं बोलणं चपलेनंच केलं. गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं झालं की त्याला लगेच कळतं आणि तो वाक्य बदलतो. मेलमध्ये यातलं काहीच नाही. चप्पल नाही, हात नाहीत, समोरचा चेहरा नाही. ‘धिस वन’ लिहिलं तर कुठली? रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांनी १९३४ साली मुलांबद्दल हेच लिहून ठेवलंय. चांगलं बोलणाऱ्या मुलालाही लिहिणं वेगळं शिकावं लागतं, कारण लिहिताना समोर ऐकणारं कुणी नसतं, ते मनात उभं करावं लागतं. तेव्हा मामेभावाला लिहिता येत नाही यात आश्चर्य काही नाही. आश्चर्य याचं, की तू त्याचे मेल लिहून देतोस. ते आजपासून बंद.

बंद म्हणजे मदत बंद नव्हे. मेल आला की त्याला म्हण, गिऱ्हाईक दुकानात उभंय असं समज आणि फोनवर रेकॉर्ड कर. मग दोघं बसून जसंच्या तसं लिहा, चुका असतील तशा. आणि त्याला एकच प्रश्न विचारत जा: ‘चप्पल हातात नसती तर हे कळलं असतं का?’ ‘नो रेन’ला तो स्वतःच म्हणेल, न्हाई भावा, पावसात घालू नका असं लिहायला पायजे. तिथं त्याला ‘डू नॉट वेअर’ची गरज पहिल्यांदा खरोखर पडेल, आणि गरज पडली की व्याकरण डोक्यात बसतं. त्याला एक खरंखुरं काम दे: चपलेच्या खोक्यात टाकायचं छोटं कार्ड. पाण्यात भिजवू नका, भिजली तर उन्हात नको, सावलीत वाळवा, अधूनमधून तेल लावा, पहिले काही दिवस थोडा वेळच घाला. पाच ओळी. महिना लागला तरी चालेल, पण लिहायच्या त्यानंच.

तू तुझ्या बाजूनं उलटं करायचं. कॅनडात फ्रेंच माध्यमाच्या शाळांत शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास मेरिल स्वेन या बाईंनी केला. मुलं कित्येक वर्षं फ्रेंचमधून विषय शिकलेली. ऐकून-वाचून कळण्यात उत्तम, पण बोलण्या-लिहिण्यात मागं. १९८५ साली त्यांनी मांडलं की नुसतं ऐकणं-वाचणं पुरत नाही, भाषा बाहेर काढावी लागते. बाहेर काढताना आपण जिथं अडतो, तिथं आपल्याला काय येत नाही ते दिसतं, आणि शिकणं तिथून सुरू होतं. तू कॉलवर अडतोस ना, ते फुकट घालवू नकोस. कॉल संपला की दहा मिनिटं डायरी घेऊन बस आणि मराठीत लिही, काय सांगायचं होतं पण आलं नाही. मग शेजारी तेच इंग्रजीत, लहान तुकड्यांत. मोठं वाक्य लिहिलंस तर खोड. आठवड्याला पाच तुकडे पुरेत. तुझं लिखाण चांगलं आहे, ते तुझं भांडवल आहे. सर म्हणतात तसं ते बंद करायचं नाही, बोलण्यासाठी राबवायचं.

पण डायरीत लिहून तोंड उघडत नाही. त्याला वेग लागतो, आणि वेगासाठी एक जुनी, साधी युक्ती आहे. कीथ मॉरिस यांनी १९८३ साली ती मांडली आणि न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी तिचा पुढं अभ्यास केला. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायची. पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. मजकूर तोच, वेळ कमी. पहिल्या वेळी तू शब्द शोधशील. दुसऱ्या वेळी ते सापडलेले असतील. तिसऱ्या वेळी ‘अं... अं...’ करायला वेळच नसेल. माणसं मात्र वेगळी हवीत, कारण त्याच माणसाला तेच तिसऱ्यांदा सांगायला आपल्यालाच कंटाळा येतो. मंगळवारी संध्याकाळी रंकाळ्यावर जा. एक फेरी मित्राबरोबर, एक बहिणीबरोबर, तिसरी मामेभावाबरोबर. त्यांना ब्लो होल कळायची गरज नाही. ‘हूं’ म्हटलं तरी बास. लोक बघतील? बघू देत. रंकाळ्यावर फोनवर ओरडणारी माणसं कमी आहेत काय?

आणि कॉलवर वेळ विकत घ्यायला शीक. ‘वन मिनिट, आय विल ओपन द रिपोर्ट.’ ‘सॉरी, कॅन यू से दॅट अगेन?’ ‘लेट मी चेक अँड टेल यू.’ हे तीन तुकडे झोपेतही यायला पाहिजेत. ‘येस सर’च्या जागी यातलं काहीही म्हणालास तर पुढं दहा सेकंद मिळतात, आणि दहा सेकंदांत तुझ्यासारख्याला पुरेसं सापडतं. समोर कागद ठेव, पण त्यावर वाक्यं लिहू नकोस. वाक्यं असली की डोळे वाचायला लागतात आणि कान बंद होतात. फक्त शब्द: सेव्हन, बॉस, मॉइश्चर, मंडे. कॉल झाला की ‘ॲज डिस्कस्ड टुडे’ करून मेल टाक. तिथं तू राजा आहेस, आणि जे तोंडी अर्धवट राहिलं ते तिथं पुरं होतं. साहेबांनाही आवडेल.

व्याकरणाचं थोडंसं. तू तुझ्या एका मेलचा नमुना पत्रासोबत जोडलायस, त्यात एकच खटकलं: ‘आय ॲम वर्किंग हियर सिन्स थ्री इयर्स.’ हे ‘तीन वर्षांपासून करतोय’चं सरळ भाषांतर. ‘पासून’ दिसलं की आपण सगळे ‘सिन्स’वर उडी मारतो. ‘आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर थ्री इयर्स’ असं हवं. कॉलवर हीच चूक केलीस तर जर्मनाच्या लक्षातही येणार नाही. मेलमध्ये मात्र ती राहते, फॉरवर्ड होते, कुणाच्या तरी फाइलला लागते. म्हणून चुका दुरुस्त करायच्या त्या कागदावर, आणि बोलताना त्यांच्याकडं खुशाल काणाडोळा.

क्लासचं. साडेसात हजार ही लहान रक्कम नाही. आधी एक दिवस फुकट बसू देतात का विचार. बसलास तर घड्याळ लावून मोज, तू स्वतः किती वेळ बोललास. तासाच्या बॅचला ४० पोरं आणि सर ४० मिनिटं बोलले, तर उरलेल्या २० मिनिटांत तुझ्या वाट्याला अर्धं मिनिट येतं. त्यापेक्षा रंकाळ्याची एक फेरी जास्त झाली. दहा-बारा पोरांची बॅच असेल, जोड्या पाडून बोलायला लावत असतील, आणि लिहिणं बंद कर असं म्हणणारे ते सर तिथं नसतील, तर बघ.

एवढं करूनही पुढच्या बुधवारी तू पहिला प्रश्न आला की गडबडशीलच. दुसऱ्याला कमी. मला बुधवारनंतर लिही, काय अडलं तेवढंच. लांबड नको.

रविवारी सुट्टी असेल तर दोन तास मामेभावाच्या दुकानात बस. तो गिऱ्हाइकांशी बोलेल तेव्हा ऐक, आणि एखादं गिऱ्हाईक तुझ्यावर सोडायला सांग. पहिल्यांदा तो हसेल तुझ्यावर. हसू दे, त्याचं कार्ड तुझ्या हातात आहे. आणि त्याला निरोप दे: माझ्या चपलेचा अंगठा सैल झालाय. कार्डाच्या पाच ओळी झाल्या की दुरुस्तीला येते, पण कार्ड वाचल्याशिवाय चप्पल हातात देणार नाही.